बेटावर केलेली चौकशी

मी आयुष्यभर बियाणं तपासलं. राहुरीजवळच्या एका प्रयोगशाळेत ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करून ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी किती उगवले ते मोजायचं, ही माझी नोकरी. नमुना घेताना मी पोत्याच्या तोंडाशी कधी हात घातला नाही. तोंडाशी चांगला माल असतोच, तो दाखवायलाच ठेवलेला असतो. लोखंडी परखी पोत्याच्या पोटात खुपसायची आणि तळाचे दाणे बाहेर काढायचे. तळाला काय आहे ते कळलं की पोतं कळलं.

नोकरी संपली, सवय राहिली. हॉटेलात भजी कुठल्या तेलात तळली ते विचारतो, दवाखान्यात डॉक्टरांच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट जवळ जाऊन वाचतो. बायको म्हणते, "देवाच्या परसादाचाबी तुमी वास घेऊन बघता." ती चेष्टेनं म्हणते, पण खोटं म्हणत नाही.

आमच्याकडं मुलीचं लग्न ठरवायच्या आधी चौकशीला जातात. पोहे खाऊन झाले, पत्रिका जुळली, दोन्हीकडची मंडळी खूश असली, तरी मुलीकडची एक-दोन माणसं एखाद्या दिवशी न कळवता मुलाच्या गावात उतरतात. घरी जात नाहीत. आधी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसायचं, कांद्याच्या भावावर बोलायचं, मग हळूच त्या घराचा विषय काढायचा. तिथून किराणा दुकान, न्हावी, पिठाची गिरणी. शेवटी विहीर आणि गोठा. भावकीत कुणाचंही लग्न निघालं की या कामाला मला बोलावणं यायचं, आणि मला त्याचा अभिमान होता.

माझ्या मुलीसाठी कोल्हारकडचं एक स्थळ आलं होतं. अंगणात नवाकोरा ट्रॅक्टर उभा. मी चप्पल नीट करायचं निमित्त करून खाली वाकलो, तर चाकांच्या खुणा थेट शेजारच्या अंगणातून आलेल्या. ट्रॅक्टर शेजाऱ्याचा निघाला. ती गोष्ट मी पुढं कितीतरी लग्नांत जेवणाच्या पंगतीला सांगितली. दुसऱ्या एका मुलाचे डोळे लाल दिसले म्हणून हा पिणारा आहे असं मी ठरवलं. त्याचे डोळे आले होते. तो आज बायको-मुलांसोबत सुखात आहे, आणि ती गोष्ट मी कुठल्याच पंगतीत सांगत नाही.

अशी पाच स्थळं मी परत पाठवली. मुलगी एकतीस वर्षांची झाली. ती तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, घरी आली की वह्या तपासते, आणि माझ्या चौकशांबद्दल ती कधी एक शब्द बोलली नव्हती.

सहावं स्थळ तिनं स्वतः आणलं. लग्नं जुळवणाऱ्या साइटवर ओळख झाली होती, सहा महिने फोनवर बोलत होते. मुलगा मूळचा पाथर्डी तालुक्यातला आणि नोकरीला अंदमानच्या विमानतळावर. प्रवाशांचं सामान विमानात चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांवर देखरेख करतो, असं त्यानं तिला सांगितलं होतं. आई-वडील ऊसतोडीला जायचे, हेही पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं. मला तिथंच संशय आला. माणूस स्वतःची कमीपणाची गोष्ट एवढ्या घाईनं सांगतो, तेव्हा तो त्याहून मोठी गोष्ट झाकत असतो. आणि पाथर्डीचा माणूस पुण्याला जाईल, चाकणला जाईल. समुद्र ओलांडून बेटावर कशाला जाईल? तिथं त्याची बायको असणार, असं माझ्या मनानं घेतलं. व्हिडिओ कॉलवर मी त्याला बघितला, तेव्हा त्याच्या पाठीमागं एक हिरवा पडदा होता. पुढं तो चेहरा मला नीट आठवेना. पडदा मात्र आठवत राहिला.

मी गुपचूप पाथर्डीच्या बाजूला जाऊन आलो. घराला कुलूप. आई-वडील लेकीकडं गेलेत, असं शेजारीण म्हणाली. टपरीवाल्यानं मुलाची तारीफ केली, गिरणीवाल्यानं केली, शाळेच्या शिपायानं केली. तिघांचे शब्दही जवळजवळ तेच. सगळीकडून एकच उत्तर येतं तेव्हा ते पढवलेलं असतं, असं मी मनात लिहून ठेवलं. एकानं जरी त्याला शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं.

गावात चौकशीला आलेला माणूस काही लपत नाही. आठवड्याच्या आत ती बातमी अंदमानला गेली आणि तिथून आमच्या घरात परत आली. मुलगी वह्या तपासत बसली होती.

"बाबा, पाथर्डीला गेला होतात?"

"जरा काम होतं."

"कुलूप हातात घेऊन बघितलंत म्हणे."

बघितलं होतं. गंजलेलं आहे का, म्हणजे घर किती दिवस बंद आहे ते कळतं.

तिनं हातातला लाल पेन खाली ठेवला. "पाच स्थळं झाली, बाबा. मी एकदाही तोंड उघडलं नाही. हा माणूस मला आवडलाय. मला जे विचारायचं होतं ते मी विचारलंय. आता चौकशी नको. मी त्याला सांगते, माझे बाबा परत येणार नाहीत. सांगू ना?"

"सांग," मी म्हणालो.

तिचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. आपल्या पोरीला इतक्या लहान गोष्टीचा इतका आनंद व्हावा, याचं मला वाईट वाटलं. शब्द दिला तेव्हा तो मनापासून दिला होता. तो तीन आठवडे टिकला.

नगरला एका सहल कंपनीचा फलक दिसला. अंदमान, सहा दिवस, शुद्ध शाकाहारी मराठी जेवण, सोबत मराठी माणूस. मी आत जाऊन दोन जागा धरल्या. घरी सांगितल्यावर बायको पोळी लाटायची थांबली. लग्नानंतर मी तिला जेजुरीच्या पुढं कुठं नेलं नव्हतं.

"तुमी? सहल? ताप-बिप न्हाई ना आला?"

"तुला समुद्र बघायचाय असं म्हणायचीस ना."

"ते मी कवा म्हनले हुते? पोरगी चौथीत हुती तवा." तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि पुन्हा लाटायला लागली.

मुलगीही थबकली. "नक्की सहलच ना, बाबा?" मी तिच्या आईचं समुद्राचं निमित्त पुढं केलं. मुलीनं विचारलं, त्याला कळवू का, तो भेटायला येईल. मी म्हणालो, साखरपुड्याच्या आधी असं भेटणं बरं दिसत नाही, शिवाय ग्रुपबरोबर वेळ कुठं मिळतो. तिला ते पटलं. ती आपल्या माणसांवर विश्वास ठेवते, हा तिचा एकच दोष मला कधी काढता आला नाही, आणि त्या दिवशी तो माझ्या उपयोगी पडला.

बेटावर उतरलो तेव्हा ऊन कडक होतं आणि हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती. विमानतळाच्या बाहेर नावांच्या पाट्या धरून उभ्या माणसांची ही रांग. कुणी समुद्राखाली नेणार, कुणी काचेच्या तळाच्या बोटीत बसवणार, कुणी दुसऱ्या बेटावर. प्रत्येकाच्या तोंडावर सारखं हसू. मला आमच्या बाजार समितीचं फाटक आठवलं. तिथंही गाडी आत यायच्या आधीच माल कुणाचा ते ठरलेलं असतं.

येणारे आणि जाणारे लगेच वेगळे ओळखू येत होते. येणाऱ्यांच्या डोक्यावर घडी न मोडलेल्या टोप्या. जाणाऱ्यांची नाकं सोललेली, चपलांत वाळू. आमच्या सहलीच्या माणसानं आधीच बजावलं होतं की किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, पोवळ्याचे तुकडे खिशात घालू नका, परतताना तपासणीत काढून घेतात. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. निदान कुणीतरी खिसे तपासतं.

दुसऱ्या दिवशी मंडळी बोटीनं शेजारच्या बेटावर पोहायला निघाली. मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

"सकाळी चार इडल्या खाल्ल्यात," बायको म्हणाली.

"म्हणूनच."

नवी टोपी घालून ती बोटीकडं गेली. मी रिक्षा केली आणि विमानतळावर आलो.

माझं काम मला पाठ होतं. टपरी शोधायची, बसायचं, ऐकायचं. टपरी होती, पण पाथर्डीच्या टपरीवर माणूस दिवसभर बसतो, इथं कुणी दहा मिनिटांच्या वर टिकत नव्हतं. टॅक्सीवाले गिऱ्हाईक दिसलं की उठून पळायचे. मी मोबाईलवरचा मुलाचा फोटो दाखवून माझ्या हिंदीत विचारत राहिलो. याला ओळखता का? ड्युटी कधी सुटते? कुठल्या दारानं बाहेर येतो? याला भेटायला कोण येतं? एक टॅक्सीवाला म्हणाला, भला माणूस आहे. दुसराही म्हणाला, भला माणूस आहे. मी वैतागलो. मग मीच उठून इमारतीला वळसा घातला, कर्मचाऱ्यांचं दार कुठं आहे ते बघितलं आणि समोरच्या झाडाखाली वही काढून बसलो. मला एकच गोष्ट हवी होती. दुपारी त्याच्यासाठी डबा घेऊन एखादी बाई येते का.

डबा काही आला नाही. दोन वर्दीवाले आले. "अंकल, जरा हमारे साथ आइए."

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि गरगरणारा पंखा. टेबलामागचा साहेब माझ्या निम्म्या वयाचा असेल. हाक त्यानंही अंकल म्हणूनच मारली. टॅक्सीवाल्यांपैकीच कुणीतरी आत कळवलं होतं. साहेबानं माझी वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. देवनागरी त्याला येतच होती.

"सव्वासहाला आत जातो, असं टॅक्सीवाला. मागचं दार रस्त्यापासून चाळीस पावलं. पहारा एक. साडेनऊला पहारा बदलला. निळ्या गाड्या दोन. डबा अजून नाही." त्यानं वर बघितलं. "ये डिब्बा कौन लानेवाला था?"

माझीच वही दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मलाही वही लिहिणाऱ्याचा संशय आला.

खरं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत सुटलो असतो. मुलीचा बाप आहे, होणारा जावई बघायला आलोय. पण मग ते खात्री करायला मुलीला फोन लावणार, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, मी टुरिस्ट आहे. वहीत सहज लिहीत होतो.

"और ये फोटो?"

"हा... याला मी ओळखत नाही."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि ते किती वाईट झालं ते मला लगेच कळलं. ज्याला ओळखत नाही त्याचा फोटो माझ्याकडं, त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा माझ्या वहीत. साहेबानं शेजारच्या शिपायाला सांगितलं, त्या कर्मचाऱ्याला बोलाव आणि त्याचा पास घेऊन ये.

दहा मिनिटांनी तो आला. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, कपाळावर घाम, एका हाताच्या बोटाला चिकटपट्टी. फोनमध्ये दिसायचा त्यापेक्षा बुटका. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला समोर बघत होतो, आणि तो मला. साहेबानं विचारलं, इनको जानते हो?

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग टेबलावरच्या वहीकडं. वही उघडीच होती. तो वाचत असताना मी पायांखालची फरशी बघत होतो.

"जी सर," तो म्हणाला. "हमारे तरफ के हैं. मैंने ही बुलाया था, और लेने बाहर नहीं आ पाया. गलती मेरी है."

ज्या माणसाचं एक खोटं पकडायला मी समुद्र ओलांडून आलो होतो, त्याचं खोटं मला सापडलं. ते त्यानं माझ्यासाठी बोललेलं होतं.

साहेब काही भोळा नव्हता. आम्ही दोघंही वेगळं सांगत होतो हे त्याला दिसत होतं. माझा पत्ता, ओळखपत्र, सहलीची कागदं तपासून त्यानं मला सोडलं. मुलाचा आत जायचा पास मात्र ठेवून घेतला. खुलासा होईपर्यंत त्यानं ड्युटीवर यायचं नव्हतं.

बाहेर त्याच टपरीवर त्यानं मला बसवलं. "च्या घ्या काका. घाम पुसा." मग म्हणाला, "आता विचारा काय विचारायचं ते. समोर हायेच मी."

मला एकच विचारावंसं वाटलं. "खोटं का बोललास?"

"खरं सांगितलं असतं तर त्यांनी घरी फोन केला असता. तिला कळलं असतं तुमी आलात." तो कपाकडं बघत बोलत होता. "मागच्या महिन्यात तिनं मला फोन केल्ता. म्हनली, बाबा आता येनार न्हाईत, त्यांनी शब्द दिलाय. काका, इतकी खूश मी तिला कधी ऐकली न्हवती."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत वाटली. तरी जीभ वळवळलीच. मी म्हणालो, "पण तू इथं, एवढ्या लांब, का आलास?"

तो थोडा हसला. "आमी ल्हान असताना आई-दादांबरोबर कारखान्यावर जायचो. उसाच्या फडाजवळ पालं ठोकायची, सहा महिने तिथंच. गावात कुनाची कोंबडी गेली, मोटारीची वायर गेली, की पयलं आमच्या पालात. भांडी बाहेर, गोधड्या बाहेर. कधी काय सापडलं न्हाई. पन न्हाई सापडलं म्हनून कुनी एक गोधडी उचलून आत ठेवली न्हाई. आई एकटीच लावत बसायची सगळं." समोरून पर्यटकांचा एक लोंढा बॅगा ओढत गेला. "इथं पयल्या दिवशी बघितलं, तर मशीनमधून सगळ्यांचीच बॅग जाते. सायबाची, पायलटची, माझी. एकच पट्टा. लई बरं वाटलं मला, काका. म्हनलं, हितंच राहायचं."

ते ऐकून माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी मनातला तपासनीस पुटपुटला, किती छान बोलतो हा, पाठ तर करून ठेवलं नाही ना? मी हे लिहितोय कारण ते तसंच झालं. भरलेल्या डोळ्यांनीसुद्धा मी त्याला तपासतच होतो.

चार वाजता बायको हॉटेलवर परत आली. केसांत मीठ, साडीच्या काठाला वाळू, चेहरा पोरीसारखा. तिला बघून मी सगळं सांगून टाकलं. तिची टोपी हातातच राहिली.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. "समुद्र दाखवायला आनलं म्हनून मी आपली सकाळपासून खूश हुते, तरी वाटत हुतं." ती खाटेवर बसली. "पोरीला आत्ताच्या आत्ता सांगा. आन् उद्या जाऊन त्या सायबाला लिहून द्या. त्याची भाकरी काढून घेऊन घरी जायचं न्हाई."

मी फोन लावला. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "पास घेतला त्याचा?"

"हो. माझ्यामुळं."

तिनं फोन ठेवला.

सकाळी मी कोऱ्या कागदाचे दोन ताव घेऊन त्या खोलीत गेलो. साहेबाला सगळं सांगितलं, आमच्याकडची चौकशीची रीतसुद्धा. त्यानं दोनदा तोंडावर हात धरला, हसू लपवायला असेल. मग म्हणाला, लिहून द्या आणि ज्याच्याबद्दल लिहिताय त्याचीही सही घ्या. मुलाला बोलावलं.

मी लिहिलं. नाव, वय, गाव, नोकरी काय करत होतो. काल मी जे काही केलं ते मुलाला न सांगता केलं, त्यानं मला बोलावलं नव्हतं, तो मला वाचवायला तसं म्हणाला. नंतर साहेब म्हणाला, कर्मचाऱ्याशी नातं काय ते लिहा, आणि त्याला ओळखता असं लिहा.

इथं माझा हात थांबला. ओळखतो असं मी आजवर कुणाबद्दलच लिहून दिलं नव्हतं. तळापर्यंत हात गेल्याशिवाय सही करायची नाही हा माझा धर्म. या माणसाचं मला काय माहीत होतं? एक कुलूप, एक पडदा आणि एक कप चहा. मी लिहिलं, मी याला ओळखतो. आणि नात्यापुढं लिहिलं, होणारा सासरा. भावकी नाही, सुपारी नाही, मुलीची आई हॉटेलात, आणि मी त्या टेबलावर लग्न ठरवून टाकलं. मला वाटलं, यापेक्षा मोठी भरपाई बाप काय देणार. खरं सांगायचं तर मी जरा रुबाबातच कागद त्याच्याकडं सरकवला.

त्यानं सगळा कागद सावकाश वाचला. नात्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काका, हे खोडा."

"का?"

"अजून ठरलेलं न्हाई. काल मी तोंडानं खोटं बोललो, तुमची अडचन व्हती म्हनून. कागदावर नको."

"अरे, मी हो म्हणतोय ना आता."

"तुमी म्हनताय," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "पन कालपासून मीबी विचार करायला लागलोय. रोज कुनीतरी आपल्या गोधड्या बाहेर काढनार, असं घर मला झेपंल का, ते मला बघायचंय. ते तिच्या-माझ्यात हाय. तुमी परिचित लिहा."

साहेब खिडकीतून बाहेर बघत होता. मी 'होणारा सासरा' वर एक रेघ मारली, वर परिचित लिहिलं आणि खोडलेल्या जागी नियमाप्रमाणं बारीक सही केली. ती सही माझ्या सहीसारखी आली नाही. मग त्यानं खाली आपली सही केली.

पास त्याला तिसऱ्या दिवशी परत मिळाला, आम्ही निघालो त्याच दिवशी. परतीच्या तपासणीत बायकोच्या पिशवीतून एक शंख निघाला. "ह्यो वाळूबरुबरच घुसला असंल," ती म्हणाली, आणि मी इतक्या दिवसांनी हसलो. काचेतून खाली धावपट्टी दिसत होती. चमकत्या जाकिटातली चार-पाच माणसं बॅगा चढवत होती. त्यांतला तो कोणता हे मला लांबून ओळखता आलं नाही.

राहुरीच्या स्टँडवर मुलगी घ्यायला आली होती. फोन ठेवल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. आईला तिनं मिठी मारली, टोपीचं कौतुक केलं. मग माझ्याकडं वळली.

"त्याचा फोन होता. तो म्हणतो, आधी एकदा येऊन बघ. मी कसा राहतो, काय करतो, सगळं. मग दोघांनी ठरवू. मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. एकटी."

माझ्या तोंडाशी प्रश्नांची रांग लागली. उतरणार कुठं, घ्यायला कोण येणार, आणि त्या हिरव्या पडद्यामागं काय आहे ते अजून कुणी बघितलेलं नाही. ती माझ्याकडं बघत थांबली. तिला ते सगळे प्रश्न पाठ होते.

"विचारा, बाबा."

"काही नाही," मी म्हणालो. मग विचारलं, "तिकीट काढून देऊ का तुला?"

"काढलंय."

आईची पिशवी तिनं उचलली आणि दोघी रिक्षाकडं चालू लागल्या. माझी बॅग मीच उचलली.